बलून खाली येईपर्यंत

"एकाएकी कशी काय आलीस?" बाबांनी विचारलं.

ते स्टुलावर उभे होते. हातात जाड हातमोजे, नेहमीच्या चष्म्यावर आणखी एक संरक्षक चष्मा. दुर्बिणीच्या पोटात बसवलेल्या स्टीलच्या टाकीत ते द्रवरूप हेलियम भरत होते. नळीच्या तोंडाशी पांढरी वाफ धरत होती आणि खाली फरशीपर्यंत येऊन विरत होती.

"रजा शिल्लक होती," मी म्हटलं. "तुमचं शेवटचं उड्डाण. बघावंसं वाटलं."

"आजवर कधी वाटलं नाही ते?"

"आज वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याच्या आकड्यावर भरवसा ठेवावा की नाही ते ठरत नाही, अशा मीटरकडे बघावं तसं. मग पुन्हा नळीकडे वळले. "लांब उभी राहा. अंगावर उडालं तर कातडी सोलून निघेल."

ते हैदराबादच्या बाहेर होतं, माळावर. मोबाईल अजून यायचे होते. आवारात दोन बैठ्या इमारती, एक मोठी पत्र्याची शेड आणि बलून सोडायचं मोकळं मैदान. बाबांची संस्था मुंबईची. दर हिवाळ्यात सगळी मंडळी दुर्बीण ट्रकवर घालून इथं येत. पाण्याच्या नुसत्या वाफेनंसुद्धा अडतो असा एक प्रकाश असतो, डोळ्यांना न दिसणारा, अगदी थंड धुळीतून निघणारा. ज्या धुळीतून पुढे तारे होणार ती धूळ. त्या प्रकाशासाठी हवेच्या वर जावं लागतं. परदेशी लोकांनी त्याकरता अंतराळात दुर्बीण पाठवली होती. आपल्याकडे बलून. बाबांचं स्वप्न एकदा तरी उपग्रहावर दुर्बीण बसवण्याचं होतं, आणि त्या मंजुरीची वाट एका चांगल्या उड्डाणावरून जात होती. ते उड्डाण मागच्या हिवाळ्यात झालं. उत्तम झालं. त्याच संध्याकाळी मुंबईच्या हॉस्पिटलात माझी आई गेली.

मी उड्डाण बघायला आले नव्हते. बाबा मार्चमध्ये निवृत्त होणार होते आणि पुण्याला माझ्याकडे कायमचे राहायला येणार होते. खोलीला रंग दिला होता, पुस्तकांचं कपाट करून घेतलं होतं. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. फक्त माझं ठरत नव्हतं. आई गेल्याचं बाबांना त्याच संध्याकाळी कळलं होतं का, एवढं मला हवं होतं. कळूनही ते तिथंच बसून राहिले असतील, तर त्या खोलीत मी त्यांना ठेवू शकत नव्हते. कारण सांगितलं असतं की नाही माहीत नाही, पण ठेवू शकत नव्हते.

फोन मीच केला होता. दिवे लागायच्या वेळेला, नर्सच्या टेबलावरून. लाइनीत खरखर होती. "आई गेली," मी म्हटलं. "उकिडवेसाहेबांना सांगा. मी त्यांची मुलगी." पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "सांगतो." आणि फोन खाली ठेवला गेला.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मामांनी तोवर सगळं उरकून घेतलं होतं. "सकाळी कळलं," बाबा म्हणाले, दारातच, चपला काढता काढता. ते आत आले, आईच्या फोटोसमोर बसले, कोण कोण आलं होतं ते विचारलं. पण ती किती वाजता गेली, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

जो येई तो हाच पहिला प्रश्न विचारत होता. शेजारच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंनीसुद्धा विचारला होता.

हेलियम भरून झालं तसं शेडमधलं वातावरण बदललं. बोलणी कमी झाली. मोईनकाकांनी सगळ्यांवर एक नजर टाकली आणि टेलिफोनच्या खोलीत जाऊन बसले. मोईनकाका परभणीचे. बलूनशी रेडिओवरून बोलायची सगळी यंत्रणा त्यांनी उभी केली होती. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ते मला ओळखत होते. त्यांच्या खोलीच्या आणि बाबांच्या कंट्रोलरूमच्या मधे एक काच होती.

"ये बेटा, बस," ते म्हणाले. "वहिनींसारखी दिसायला लागलीस."

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणतात ते खरं असतं असं नाही. पण हे आहे."

मी बसले. तेवढ्यात फोन वाजला. मोईनकाकांनी उचलला. पलीकडून कुणी तरी घाईघाईनं मोठ्यानं बोलत होतं. काका ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी खुलला, मग त्यांनी तो आवरला. बराच वेळ थांबून ते म्हणाले, "सांगतो." आणि फोन ठेवला.

तोच आवाज. तोच थांबा.

दारावरून सोनटक्के चालला होता. नांदेडचा तंत्रज्ञ, बलूनच्या दोऱ्यांचं काम बघायचा. "गजा," काकांनी हाक मारली. "चहा पिऊन जा."

"आत्ताच घेतला की."

"अजून घे. माझ्याकडून."

तो हसत गेला. मी काकांकडे पाहिलं. "फोन त्यांचा होता?"

"कुणाचा?"

"सोनटक्क्यांचा. तुम्ही 'सांगतो' म्हणालात."

"सांगणार की," काका म्हणाले. "बलून खाली येऊ दे. हेलियम भरल्यापासून पॅराशूट जमिनीला टेकेपर्यंत घरची बातमी कुणाला द्यायची नाही. चांगली नाही, वाईट नाही. इथला रिवाज आहे."

"कुणी पाडला?"

"जुना आहे," ते म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले. "वारा पडला बघ. आता सोडतील."

बलून सोडताना पाहिलं, पण लक्षात राहिलं फार थोडं. पांढरं पातळ प्लॅस्टिक हळूहळू फुगत उभं राहिलं, इमारतीहून उंच, आणि मग कसलाही आवाज न करता सुटलं. वर गेल्यावर खालचा उजेड संपला तरी त्याच्यावर ऊन होतं. मी सबंध वेळ काचेच्या पलीकडे बाबांना बघत होते. आपण बसलोय तिथून ते सरळ दिसतात, हे मी मनाशी नोंदवून ठेवलं. म्हणजे त्यांनाही इथला माणूस दिसत असणार.

सकाळी बातमी आली की दुर्बीण महाराष्ट्राच्या हद्दीत, उदगीरच्या पुढे कुठंशी उतरली आहे. आम्ही जीपनं निघालो. ट्रक मागून येणार होता. सोनटक्के चालवत होता, शेजारी बाबा, मागे मी आणि मोईनकाका. फाटकाबाहेर पडल्यावर काका पुढे वाकले.

"गजा, मुबारक. पोरगी झाली तुला."

जीप एक हेलकावा खाऊन थांबली. "कधी?"

"काल दुपारी. दोघी बऱ्या आहेत."

"काल? आन् काल तुम्ही मला दोनदा चहा पाजला!"

"म्हणूनच पाजला."

"सासरा काय म्हणेल माझा! जावई फोनवर आला नाही, पोरगी झाली म्हणून रुसला म्हणेल!"

"म्हणू दे. उदगीरहून नांदेडची गाडी धर, जाऊन पाय धर."

सगळे हसले. बाबाही हसले. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. हसणं थांबल्यावर ती जराशी ताठ झाली, असं मला वाटलं. वर्षभर मी अशाच गोष्टी गोळा करत होते. मान, चपला, न विचारलेला प्रश्न.

उदगीरच्या स्टँडवर सोनटक्के उतरला. बाबा तळावर फोन करायला पलीकडच्या दुकानात गेले. मी आणि मोईनकाका चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो.

"मागच्या वर्षी माझा फोन तुम्ही घेतलात," मी म्हटलं.

काकांनी बशीत चहा ओतला. "हो."

"बाबांना सांगितलं नाहीत."

"नाही. पॅराशूट टेकेपर्यंत नाही."

"त्यांना काहीच कळलं नव्हतं?"

"साहेबांना? छे. ते आकाशात होते." काका माझ्याकडे बघत नव्हते. "जे झालं ते माझ्यामुळे. तुला रागवायचं तर माझ्यावर रागव. मी कुठं पळून चाललोय?"

इतक्या सहज दोष अंगावर घेणाऱ्या माणसाचा मला अधिकच संशय आला. कुणासाठी घेतोय हा?

"रिवाज बाबांनीच घातला ना?"

"चहा निवतोय बेटा."

"काका, मी तुम्हाला सरळ विचारतेय."

"मीही सरळच सांगतोय. चहा निवतोय."

बाबा परत आले तेव्हा आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे होतो. "काय बोलत होतात?" त्यांनी विचारलं.

"चहाबद्दल," काका म्हणाले.

बाबांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. जीपमध्ये बसले. आता काका चालवत होते.

दुर्बीण करडईच्या शेतात पडली होती. लांबूनच केशरी पॅराशूट दिसलं, बांधावरच्या बाभळीला अडकलेलं. ॲल्युमिनियमचा सांगाडा एका कुशीवर कलंडला होता. आसपास गाव जमलं होतं, पण सगळे बांधाच्या बाहेर. आत फक्त एक बाई, सांगाड्याला पाठ टेकून, मांडीवर विळा घेऊन बसलेली. शेत तिचं होतं. सोजरबाई नाव, हे आम्हाला बांधावरच्या लोकांनी सांगितलं, आणि पुढे जाऊ नका असंही सांगितलं.

बाबा काट्यांतून वाट काढत पुढे गेले. "नमस्कार. हे आमचं आहे."

"कशावरनं?"

"म्हणजे?"

तिनं विळ्याच्या टोकानं सांगाड्यावरची पाटी दाखवली. "नातवानं वाचून दावलं. शास्त्रज्ञ येस्तोवर कुनी हात लावू नये. म्या सरपंचालाबी लावू दिला न्हाई."

"मी शास्त्रज्ञच आहे."

सोजरबाईनं त्यांना वरून खाली न्याहाळलं. धुळीनं माखलेले बूट, एका बाजूनं बाहेर आलेला शर्ट. "दिसत न्हाई तसं. मोजनीची मानसं आसंच बोलत्यात. वरनं फोटू काढून जमिनी धरणात घालायच्या हायेत व्हय?"

"हे खाली बघत नाही, आजी. वर बघतं."

"वर काय हाय?"

बाबांना हा प्रश्न आवडला. मला ठाऊक होतं, आता ते विसरतील की समोर विळा आहे. "वर थंड धूळ आहे. तिची ऊब मोजतो आम्ही."

"थंड हाय म्हनताव आन् ऊब कशी?"

"थंड वस्तूलासुद्धा थोडी ऊब असतेच. फार थोडी. अडचण अशी की दुर्बिणीची स्वतःची ऊब त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आतला एक आरसा सारखा हलत राहतो. एकदा त्या धुळीकडे बघायचं, लगेच शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे बघायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की आपली ऊब निघून जाते. उरतं ते खरं तिचं."

"येड्याचा बाजार," सोजरबाई म्हणाली, पण विळा खाली ठेवला. "आन् त्या डब्यात काय हाय?"

"थंडी," मोईनकाका मागून म्हणाले.

"थंडी कुनी डब्यात भरतंय व्हय, मुडद्या?"

बाबांनी संरक्षक चष्मा चढवला आणि पुढे होऊन टाकीची झडप किंचित सैल केली. आत उरलेलं हेलियम फुस्स करून बाहेर आलं आणि नळीच्या तोंडावर बघता बघता पांढरं बर्फ धरलं. सोजरबाई "आगं माय" म्हणत दोन पावलं मागं सरली, आणि बांधावरून हशा उठला. मग ती स्वतःच हसली. "घ्या बाबा तुमची थंडी. माझी करडई मोडू नका लई." ती बांधावर जाऊन बसली आणि लोकांना तिथूनच दटावत राहिली.

आम्ही तिघं सांगाड्याजवळ राहिलो. ट्रक यायला अवकाश होता. बाबा आरसा तपासत होते, आमच्याकडे पाठ करून. मोईनकाका पॅराशूटच्या दोऱ्या गुंडाळत होते. मला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर पुण्याला गेल्यावर रोज विचारावंसं वाटेल आणि रोज मी गप्प बसेन.

"बाबा, मागच्या वर्षी माझा फोन आला होता. मोईनकाकांनी तुम्हाला सांगितला नाही."

त्यांचा हात थांबला.

"सांगितलं ना तुला, साहेबांना काही ठाऊक नव्हतं," काका घाईनं म्हणाले. "मीच दाबून ठेवला. साहेब, तुम्ही आरसा बघा."

"मोईन," बाबा न वळता म्हणाले. "तिला खोटं सांगू नकोस."

"खोटं कुठं? मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाहीस सांगितलंस." मग ते वळले. हातात पुसायचं फडकं होतं, ते त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवलं. "विचार. तुला काय विचारायचंय ते."

"तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, आई किती वाजता गेली."

"मला माहीत होतं. फोन वाजला तेव्हा मी काचेतून मोईनकडे बघत होतो. त्यानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर सबंध वेळ पाहिलं नाही. आम्ही पंचवीस वर्षं एकत्र काम केलंय."

"मग तुम्ही उठून विचारलं का नाही?"

"तुझ्याकडे ती संध्याकाळी गेली," ते म्हणाले. "मी विचारलं नाही तोवर माझ्याकडे ती होती. सकाळपर्यंत होती."

ऐकलं आणि मनात आलं, हे वाक्य फार चांगलं आहे. वर्षभर घासून इतकं चांगलं झालंय का? कॉलेजात मी ज्यांच्या कादंबऱ्या शिकवते ती माणसं अशी वाक्यं लिहितात. रडत बसलेला माणूस इतकं नेटकं बोलत नाही.

"हे मला नकोय," मी म्हटलं. "विचारलं असतंत तर काकांना सांगावं लागलं असतं. मग तुम्ही उठला असतात का?"

बांधावर सोजरबाई कुणाच्या तरी पोराला शिव्या घालत होती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "उपग्रहाची मंजुरी होती. तेवढ्यावर सगळं अडलेलं. आणि ती तर गेलेलीच होती, मी काय... माहीत नाही, सुनीती. मी उठतो की बसून राहतो, तेच मला कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून विचारलं नाही."

हे मात्र खरं होतं. ते नेटकं नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, झालं, कळलं. ज्यासाठी आले होते ते कळलं. आता घरी जायचं आणि खोलीला कुलूप घालायचं.

"हा रिवाज नसता तर सुटलो नसतो," बाबा म्हणाले. "त्या रिवाजामागे लपलो मी. वरच्या लोकांनी घालून दिलेला म्हणून आपण पाळतो, असं स्वतःला सांगत."

मोईनकाकांच्या हातातला दोर खाली पडला. ते त्या दोराकडेच बघत म्हणाले, "वरच्या लोकांनी नाही घातला, साहेब."

"मग कुणी? तूच ना?"

"वहिनींनी."

बाबांना ते कळलंच नसावं. "कुठल्या वहिनींनी?"

"कुमुदवहिनींनी. मला बजावलं होतं, साहेबांना कळू द्यायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. म्हणून इतकी वर्षं..." ते माझ्याकडे वळले. "तू लहान होतीस. मेंदूज्वर आहे म्हणाले होते डॉक्टर. वहिनींचा फोन आला, आणि साहेब बलून वर असताना उठून गेले. सरळ विमानतळावर. तुला आठवत नसेल."

मला ताप आठवत होता. उशाशी बसलेले बाबा आठवत होते. ते कुठून उठून आले होते, हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"ताप साधाच निघाला," काका म्हणाले. "पण इकडे साहेबांच्या जागी त्यांचा विद्यार्थी बसला होता. शेणोलीकर. बलून खाली यायला लागलं, त्यानं ते हलकं करायला वजनाची वाळू सोडायची तर घाबरून भलतंच बटण दाबलं. दुर्बीणच सुटली. जंगलात पडली, तुकडे सापडले फक्त. त्या पोराचं सगळं काम त्यात होतं. पुढं त्यानं हे क्षेत्रच सोडलं."

"शेणोलीकर," बाबा हळूच म्हणाले.

"वहिनी त्याला भेटायला गेल्या होत्या, डबा घेऊन. तिथून सरळ माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, मोईनभाई, पुन्हा माझ्या घरून फोन आला तर बलून खाली येईपर्यंत यांना सांगायचं नाही. मी म्हटलं, वहिनी, काही मोठं असलं तर? म्हणाल्या, काहीही असलं तरी. एकट्या साहेबांपुरतं ठेवलं तर त्यांच्या ध्यानात येईल, म्हणून मी सगळ्यांनाच लावलं." काकांनी बाहीनं तोंड पुसलं. "काहीही म्हणजे हे असेल असं मला काय माहीत, साहेब? पोरीनं फोनवर सांगितलं, आणि ज्यांना शब्द दिला त्याच गेलेल्या. आता मोडायची परवानगी कुणाला मागू?"

बाबा सांगाड्याच्या कडेवर बसले. कुणी तरी हात धरून बसवावं तसे.

"म्हणजे तिला वाटत होतं," ते म्हणाले, "की मी पुन्हा उठेन."

"वाटत होतं?" मोईनकाका म्हणाले. "खात्री होती. नाही तर बंदी कशाला घातली असती?"

बाबांनी दोन्ही चष्मे काढले. वरचा संरक्षक चष्मा अजून त्यांच्या कपाळावर होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांचे खांदे हलायला लागले. आईच्या फोटोसमोर बसले होते तेव्हा ते असे रडले नव्हते. सोजरबाईनं पोरांना मागं ढकललं आणि स्वतःही पाठ फिरवून बसली.

मी त्यांच्याजवळ गेले नाही. मी काकांच्या हातून पडलेला दोर उचलला आणि गुंडाळायला लागले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. आईचाही राग येत होता. कुणाला न विचारता तिनं आमच्या सगळ्यांच्या वतीनं ठरवून टाकलं होतं, आणि वर ते लपवलंही होतं. पण तिला ज्याची खात्री होती तो माणूस समोर बसला होता, आणि त्याला स्वतःची खात्री नव्हती, आणि त्यानं ते माझ्यापासून लपवलं नव्हतं.

ट्रक आला. माणसं उतरली, दुर्बीण उचलली गेली. सोजरबाईनं बाबांच्या हातात मेथीच्या भाजीची एक जुडी दिली, घरात करा म्हणून. कुठल्या घरात, हे बाबांना कळेना. ते जुडी धरून माझ्याकडे बघत राहिले.

"द्या इकडे," मी म्हटलं. "पुण्याला जाईपर्यंत सुकेल. तरी द्या."

जीपमध्ये ते मागे, माझ्या शेजारी बसले. बराच रस्ता गेल्यावर, समोर बघतच, म्हणाले, "मी आलो तुझ्याकडे, तर एक करशील?"

"काय?"

"काहीही झालं, तर मला लगेच सांगायचं. मी कशातही असलो तरी."

"सांगेन."

"मी विचारलं नाही तरी."

"विचारलं नाही तरी."

ते आले. उपग्रहाचं पुढे काहीच झालं नाही; मंजुरी फायलीतच राहिली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पुण्यात त्यांनी गच्चीवर कुंड्या लावल्या, माझ्या कपाटातल्या कादंबऱ्या वाचल्या आणि बहुतेकींना नावं ठेवली. मोईनकाका वर्षातून एकदा येत, चार दिवस राहत, दोघं पत्ते खेळताना एकमेकांवर लबाडीचे आरोप करत.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं, दार लावून घेतलं, आणि म्हणाले की वय बघता त्यांना इतक्यात सांगायची गरज नाही, पुष्कळ कुटुंबं सांगत नाहीत. मी उठले. बाबा बाहेर बाकावर बसले होते, कुणाचं तरी जुनं मासिक चाळत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा मासिकात घातली.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.